कुंतीने संकटे स्वतःसाठी मागितली

मुळशी तालुक्यात कुणी गेले, की दहाव्या दिवशी सकाळी नदीच्या घाटावर दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे कावळ्याची वाट पाहणे आणि दुसरी म्हणजे प्रवचन. खाली ताडपत्री, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, पांढऱ्या टोप्यांच्या रांगा, कडेला हार घातलेला फोटो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स. माइक नीट लागला की ह.भ.प. महाराज उभे राहतात. त्यांच्या हातात तासभर असतो, कधी त्याहूनही कमी. कारण त्यांच्यामागे सरपंचापासून जिल्हा परिषदेच्या इच्छुकांपर्यंत सगळे ‘दोन शब्द’ बोलायला ताटकळलेले असतात.

एवढ्या वेळात महाराजांना जगातले सर्वांत अवघड काम करायचे असते. घरातले माणूस का गेले, हे त्या घरालाच सांगायचे असते. गेलेले आजोबा पंच्याऐंशीचे असले तर काम सोपे असते. देह नाशवंत, आला तो जाणार, नातवंडे-पतवंडे पाहून गेले, सोने झाले. माना डोलतात. पण फोटोतला मुलगा सव्वीस वर्षांचा असतो आणि त्याची दुचाकी डंपरखाली गेलेली असते, तेव्हाही वाक्ये बहुधा तीच येतात. त्याचे लेखच तेवढे होते. चांगली माणसे देवालाही लवकर हवी असतात. पुढच्या रांगेत तोंडाला पदर लावून बसलेली आई मान वर करत नाही. तिने ते ऐकले की नाही, हे कुणाला कळत नाही.

प्रवचनाची ही रीत वाईट आहे असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पोथी माणसाच्या दुःखाजवळ इतक्या थेट येते, ती याच घाटावर. तक्रार आहे ती फक्त एका सवयीबद्दल. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण आपल्याला ठाऊक आहे, असे समजून ते पोथीच्या नावाने सांगून टाकण्याची ही सवय. पोथ्या मात्र तसे करत नाहीत. निदान ज्या पोथ्या मराठी माणसाने संकटात जवळ धरल्या, त्यांत कारणांपेक्षा कामाची गोष्ट जास्त आहे.

ख्रिस्ती जुन्या करारातल्या ईयोबाचे उदाहरण घ्या. मुले गेली, गुरेढोरे गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले आणि त्याची दशा पाहून सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी चकार शब्द काढला नाही. तिथवर त्यांचे सगळे बरोबर होते. मग त्यांनी तोंडे उघडली. तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असणार, उगाच का देव शिक्षा करील, हे त्यांचे म्हणणे चांगल्या काव्यात पानोपानी चालते. शेवटी देव बोलतो तेव्हा तो रागावतो ते देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर. आपल्याकडचे प्रवचन नऊ दिवस थांबते, हे त्यातल्या त्यात बरे.

१८७२ साली सोळा वर्षांचा एक मुलगा अखेरच्या आजारात पडलेल्या वडिलांना गीतेवरची ‘भाषाविवृत्ति’ नावाची प्राकृत टीका वाचून दाखवत असे. वडील त्याच वर्षी गेले. हा मुलगा म्हणजे बाळ गंगाधर टिळक. गीतेशी आपली पहिली ओळख अशी झाली, हे त्यांनी पुढे ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. गीता त्यांच्या घरात आली ती मरणाच्या उशाशी, म्हणजे एका अर्थी त्या दहाव्याच्या प्रवचनाच्या जागीच. ते वाचताना त्यांच्या मनात जी शंका बसली, ती मात्र सांत्वनाच्या वाटेने जाणारी नव्हती. लढायला नको म्हणून खाली बसलेल्या अर्जुनाला लढायला उभे करण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात टीकाकार मोक्ष कसा मिळवावा एवढेच का सांगत बसतात? ज्याला काम करायला सांगितले, त्याला काम सोडण्याची वाट कशी दाखवली असेल?

या शंकेचे सविस्तर उत्तर लिहायला त्यांना अडतीस वर्षांनी सवड मिळाली, तीही सरकारने दिलेली. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेच्या तुरुंगात गेले. पन्नाशी उलटलेली, मधुमेह जडलेला. १९१०-११च्या हिवाळ्यात काही महिन्यांत त्यांनी ‘गीतारहस्या’चा मसुदा शिसपेन्सिलीने लिहून काढला. जून १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तिथेच मिळाली. ग्रंथ तेव्हा लिहून झालेला होता. म्हणजे पत्नीच्या मृत्यूचे दुःख विसरायला त्यांनी गीता हाती घेतली, असे भावुक चित्र कुणी रंगवू नये. १९१४ मध्ये सुटका झाल्यावर हस्तलिखिते काही काळ सरकारकडेच अडकून पडली. परत मिळाली नाहीत तर पुन्हा लिहून काढू, असे टिळक म्हणाल्याची आठवण त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१५ साली ग्रंथ बाहेर आला. त्याचे दुसरे नाव ‘कर्मयोगशास्त्र’.

‘गीतारहस्या’तली सगळी मते सर्वांना पटली असे नाही. अनेक शास्त्री-पंडितांना ती पटली नाहीत आणि गांधींनाही गीतेतून वेगळेच दिसले. पण तुरुंगातल्या माणसाने पोथी उघडून स्वतःला काय विचारले, हे पाहण्यासारखे आहे. माझ्या वाट्याला हे का आले, हा प्रश्न त्या जाडजूड ग्रंथात सापडत नाही. आता काय करायचे आणि ते कुठल्या बुद्धीने, हाच प्रश्न पहिल्या पानापासून चालतो. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’ आहे. हातातले धनुष्य गळणे, अंग कापणे, तोंड कोरडे पडणे यालाही परंपरेने ‘योग’ म्हटले. कृष्णाने अर्जुनाला आधी शांत हो, मग बोलू, असेही सांगितले नाही. त्याच अवस्थेत, दोन सैन्यांच्या मधोमध, बोलणे सुरू झाले.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. पुढच्याच रामनवमीला, १६ एप्रिल १९२१ रोजी, पुण्याच्या पश्चिमेला मुळशी पेट्यातले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले.

प्रकरण थोडक्यात असे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीला धरण बांधायचे होते. पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला सोडायचे, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. गिरण्या चालतील, कोळसा वाचेल, मुंबई उजळेल. त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या, आणि त्या भातखाचरांच्या होत्या. १८९४चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला होता. मावळ्यांची घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी त्यांच्यात होती. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे याच लढ्यात तुरुंगात गेले. पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मुळशीनेच दिली. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकून आलेला हा माणूस मधल्या काळात पारनेरचे रस्ते झाडत असे. पुढे त्यांनी श्रीअरविंदांच्या ‘लाइफ डिव्हाइन’चे मराठी भाषांतरही केले. रस्ता झाडणे आणि त्या जड ग्रंथाचे भाषांतर करणे यांत त्यांना काही विसंगती वाटत नव्हती.

लढा हरला. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, धरपकड झाली, बायाबापड्याही तुरुंगात गेल्या. गांधींनी सुरुवातीला ‘यंग इंडिया’तून मावळ्यांच्या बाजूने लिहिले, पण पुढे या सत्याग्रहापासून हात आखडता घेतला. बहुतेकांनी मोबदला स्वीकारला होता आणि बापटांचा अहिंसेवर पुरता विश्वास नव्हता, ही त्यांची कारणे होती. दुसरे कारण खोटे म्हणता येत नाही. १९२४च्या अखेरीस बापटांनी शस्त्र हाती घेऊन कामावरची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाच्या अभ्यासात एक अप्रिय गोष्ट स्पष्ट मांडली आहे. मुळशीच्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कागद सावकाराच्या नावावर, कसणारा मावळा. मोबदला कागदाकडे गेला. कसणाऱ्याच्या वाट्याला आला तो मोठ्या कामासाठी केलेला ‘त्याग’.

इथे पोथीतला शब्द पोथीबाहेर कसा वापरला जातो, ते दिसते. ‘त्याग’ हा गीतेतला साधासुधा शब्द नाही. अठराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच अर्जुन विचारतो, संन्यास आणि त्याग यांतला फरक सांग. पुढे त्यागाचे प्रकार, चांगला-वाईट त्याग, हे सारे येते. पण त्या सगळ्या विवेचनात टाकणारा आणि टाकले जाते ते ज्याचे, ही एकच व्यक्ती आहे. एकाची जमीन दुसऱ्याने घ्यायची आणि पहिल्याच्या खात्यावर त्याग जमा करायचा, अशी सोय त्यात नाही. गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात कोयनेपासून उजनीपर्यंत जी धरणे झाली, त्यांच्या उद्घाटनांच्या भाषणांत धरणग्रस्तांच्या त्यागाला वंदन झाल्याशिवाय नारळ फुटला नसेल. मुळशीच्या शेजारी, मावळात, पवना धरणाच्या पोटात वाघेश्वराचे जुने देऊळ आहे. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असते, उन्हाळ्यात पाणी उतरले की उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. त्या देवालाही त्यागी म्हणायचे काय, हे भाषण करणाऱ्यांनीच ठरवावे.

‘त्याग’ हा शब्द जसा दुसऱ्याच्या माथी मारला जातो, तशी एक प्रार्थनाही. भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंतीची ती प्रार्थना आहे. कीर्तनात ती हमखास येते. युद्ध संपलेले, कृष्ण द्वारकेला निघालेला. रथापाशी येऊन कुंती म्हणते, आम्हाला संकटे वारंवार येत राहोत, कारण संकटात तुझे दर्शन होते. भीमाला घातलेले विष, लाक्षागृह, वनवास, भरसभा, सगळ्याची ती आठवण काढते. प्रसंग सुंदर आहे आणि डोळ्यांत पाणी आणतो. पण कीर्तनकार त्यातून जो उपदेश काढतात, की बघा, दुःख आले तर कुंतीसारखे देवाचे आभार माना, त्यात एक गफलत आहे. कुंतीने हे मागितले ते स्वतःसाठी आणि सगळे भोगून झाल्यावर. लाक्षागृह पेटलेले असताना दारात उभे राहून तिला कुणी हे शिकवले नव्हते. विदुराने त्या वेळी काय केले? आधी सावधगिरीचा इशारा दिला आणि मग भुयार खणणारा माणूस पाठवला.

ज्यांना पोथीचा आधार पुरला नाही, अशांचीही गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती पुणे जिल्ह्यातच येऊन थांबते. अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरत. बायकामुलेही बरोबर. बायकोला त्यांनी संस्कृत शिकवले, त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पुढे आईने मुलीला शिकवले. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा हे कुटुंब जप, अनुष्ठाने, दानधर्म करत राहिले आणि उपाशी मेले. आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ. हीच पुढे पंडिता रमाबाई. त्यांनी धर्म बदलला, त्यावरून पुण्यात उठलेले वादळ प्रसिद्धच आहे. त्या वादात कोण बरोबर, कोण चूक, याची चर्चा शंभर वेळा झाली आहे. इथे सांगायचे ते एवढेच, की १८९६-९७च्या दुष्काळात उपासमारीतल्या मुली गोळा करायला रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांना घेऊन केडगावला आल्या. उपाशी मुलीला काय लागते, हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते. केडगावच्या मुक्तिसदनात मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणले, आणि ते त्यांच्याच छापखान्यात छापले गेले. काम पुरे होता होता, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या गेल्या. अनंतशास्त्र्यांची मुलगी जन्मभर पोथीच सांगत राहिली. फक्त पोथी बदलली होती.

तुकारामांची गोष्टही दुष्काळापासूनच सुरू होते. १६३०च्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. आपल्या अभंगांत त्यांनी हे लपवलेले नाही, लाज वाटली हेही सांगून टाकले आहे. पुढे काय केले, याचा त्यांनी दिलेला क्रम मोठा घरगुती आहे. मोडलेले देऊळ दिसले, ते नीट करावेसे वाटले. एकादशीला कीर्तन करू लागले, सुरुवातीला त्यात मन नव्हते. आधीच्या संतांची वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे, लोकांकडून यायच्या रकमांचे कागद, धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन, आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले. दुष्काळात सावकारी घरातल्या माणसाने कर्जखते बुडवणे हे त्या प्रदेशातल्या कुणबी घरांसाठी काय होते, ते मुळशीच्या कुळांना विचारावे. त्यांच्या सावकारांनी तीनशे वर्षांनी कागद जपून ठेवले होते आणि पैसेही मोजून घेतले.

आता मुळशीतल्या संकटाचे रूप पालटले आहे. हिंजवडीत आयटी पार्क आला, त्याच्या मागून बंगल्यांच्या स्कीम, फार्महाऊस, प्लॉटिंग आले. आंबेमोहोराच्या खाचरांना गुंठ्याचा भाव मिळू लागला. ज्यांनी जमीन विकली त्यांच्यातल्या अनेकांचा पैसा गाडी, बंगला, लग्न आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत काही वर्षांत निघून गेला. आपल्याच गेलेल्या रानात वॉचमन म्हणून उभे राहायची वेळ काहींवर आली. २०१८चा ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपट चालला तो त्यातल्या मारामारीमुळे, पण गावाकडच्या प्रेक्षकाला लागला तो त्यातल्या अशाच एका बापामुळे. याच तालुक्यात कोळवणला चिन्मय मिशनचे मोठे केंद्र आहे. तिथे लांबलांबून लोक गीता-उपनिषदांच्या शिबिरांना येतात. शांतता, डोंगर, स्वच्छ हवा. ज्यांच्या डोंगरात ही शांतता आहे, त्यांच्यासाठी मात्र भागवतातली दुसरी एक गोष्ट अधिक जवळची आहे.

अकराव्या स्कंधातल्या तेविसाव्या अध्यायात अवंती नगरीतल्या एका धनिकाची कथा येते. नाथांनी ‘एकनाथी भागवता’त ती रंगवून मराठीत आणली. कंजूष माणूस, घरच्यांनाही खाऊ घालत नसे. मग काही धन नातलगांनी नेले, काही चोरांनी, काही राजाने, काही नुसत्या काळाने. कफल्लक झाल्यावर तो भिक्षू झाला. गावातले लोक त्याच्या डोक्यावर थुंकतात, त्याची टिंगल करतात. आणि तो विचार करत बसतो, माझ्या सुखदुःखाला कारण कोण? लोक? देव? ग्रह? कर्म? काळ? एकेक कारण घेऊन तो खोडतो आणि आपल्या मनापाशी येऊन थांबतो. घरी बसून भविष्यवाल्याला फोन लावणाऱ्या माणसाने, ग्रहांना आणि पूर्वकर्माला भागवतच कसे रजेवर पाठवते, ते एकदा वाचायला हरकत नाही.

तरी इथेही तीच अट. जमीन उधळून बसलेला माणूस स्वतःशी हे बोलला तर त्यातून तो सावरेल, उरलेले पाच गुंठे कसायला घेईल. जमिनीच्या व्यवहारात दलाली खाल्लेला पुढारी सप्ताहाच्या मंडपात स्टेजवरून त्याला हे ऐकवू लागला, तर ते ईयोबाच्या मित्रांचे भाषण. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या प्रवचनांचे वजन आजही टिकून आहे, त्याचे एक कारण अगदी साधे आहे. सांगणारा, लिहिणारा आणि ऐकणारे एकाच गजांआड होते.

सप्ताहात एक गोष्ट मात्र भाषणाविना चालते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. काकडा झाला, पारायण झाले, हरिपाठ झाला, कीर्तन आटोपून मंडप रिकामा झाला, तरी एक माणूस देवासमोर वीणा गळ्यात घालून उभाच असतो. भावकीवार पहाऱ्याची यादी फळ्यावर खडूने लिहिलेली असते. रात्री दोन ते चारचा पहारा घ्यायला तरुण पोरे टाळाटाळ करतात. तो बहुधा एखादा पन्नाशीचा माणूस घेतो, ज्याला तशीही झोप येत नाही. वर्षभरापूर्वी घाटावरच्या फ्लेक्सवर ज्याच्या मुलाचा फोटो होता, असा. महाराजांच्या प्रवचनातले त्याला काय आठवते, हे त्याला कुणी विचारत नाही. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, तोंडातल्या तोंडात नाम घेत उभा राहतो. ट्यूबलाइटभोवती पावसाळी किडे फिरत असतात. चार वाजता काकड्याचा माणूस येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, आणि तो चपला शोधून गोठ्याकडे निघतो, कारण पाच वाजता डेअरीची गाडी येते.